एकटीचा प्रवास आणि आईचे कुलूप



लग्नातला खर्च, दहावीनंतर पुढे काय, विहारातील संस्कार वर्ग अशा घरच्या विषयांवर आम्ही या सदरात लिहीत असतो. आजचा विषय परदेशाचा असला तरी तोही घरचाच आहे. शिवाय त्यात आमची एक चूक आहे, ती सांगितल्याशिवाय हा मजकूर पुरा होणार नाही.

२०२५ च्या माघ पौर्णिमेला विहारात वंदना झाली, खीरदान झाले, चपला शोधत माणसे पांगू लागली. तेवढ्यात आमच्या वसाहतीतील एक ताई जवळ आल्या. महापालिकेच्या हद्दीत त्या कंत्राटी सफाई कामगार आहेत. नवरा हयात नाही. एक मुलगा, एक मुलगी. मुलगी अर्थशास्त्रात एम.ए. करते आणि तिची एका सत्रासाठी जर्मनीतील बॉन विद्यापीठात निवड झाली होती, हे वसाहतीत सर्वांना ठाऊक होते. महिला मंडळाने तिचा सत्कारही केला होता.

ताई म्हणाल्या, "दादा, पोरीला जरा समजवा. शिकायला चाललीय तर शिकायला जावं ना. ही म्हणते आधी सतरा दिवस एकटी फिरणार. कोण कुठली गावं, नाव घेता येत नाही मला. माझा जीव खालीवर होतो."

आम्ही मुलीला घरी बोलावले. (तिचे नाव येथे छापत नाही. "काका, लिहा पण नाव नको," असे तिने बजावले आहे.) ती वही घेऊनच आली. जर्मनीत उन्हाळी सत्र १ एप्रिलला सुरू होते आणि तिच्या खोलीचा करारही १ एप्रिलपासूनचा होता. पण विमानाचे स्वस्त तिकीट १४ मार्चच्या रात्रीचे मिळाले होते. एप्रिलच्या तोंडावर तेच तिकीट बरेच महाग होत होते. म्हणजे मधले दिवस कोठेतरी काढणे भागच होते. ते एका जागी बसून काढायचे की चार ठिकाणे पाहून, एवढाच प्रश्न होता. जर्मनीच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसावर शेंगेन करारातील इतर देशांतही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत जाता येते, ही माहिती तिने काढून ठेवली होती. खर्चाचा हिशेब त्रेपन्न हजार रुपये. त्यातले अडतीस हजार तिने दोन वर्षे शिकवण्या घेऊन जमवले होते. उरलेले पंधरा हजार आईने बचत गटातून उचलायचे, असा तिचा बेत होता.

खरे सांगायचे तर आम्हीही आईचीच बाजू घेतली. बचत गटाचे कर्ज काढून फिरायचे, हे आमच्या मनाला पटेना. समाजाच्या पोरीला संधी मिळाली आहे, तिने सरळ जावे, अभ्यास करावा आणि परत यावे, असे आम्ही दहा मिनिटे सांगितले. मुलीने ऐकून घेतले आणि मग अगदी हळू विचारले, "काका, बाबासाहेब बॉनला गेले तेव्हा त्यांच्यासोबत कोण होतं?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. १९१३ साली वयाच्या बाविसाव्या वर्षी बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती हाच काय तो त्यांचा आधार. पुढे लंडन झाले. १९२२ साली लंडनचा अभ्यास चालू असतानाच त्यांनी बॉन विद्यापीठात नाव दाखल केले. तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते आणि इकडे परळच्या चाळीत रमाई संसार ओढत होत्या. ते कष्ट आपणा सर्वांना ठाऊक आहेत.

ताई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "ते बाप्ये होते."

मुलगी हसली नाही आणि चिडलीही नाही. म्हणाली, "आई, तू पहाटे साडेपाचला रस्त्यावर एकटीच असतेस ना?"

शेवटी तोडगा निघाला तो असा. पहिले तीन दिवस तिने जर्मनीतील एका मराठी कुटुंबाकडे राहावे, तेथील हवापाणी समजून घ्यावे आणि मग पुढे निघावे. हे कुटुंब आमच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या नात्यातले. आम्हीच फोन केला, आम्हीच शब्द टाकला. ताईंच्या जिवात जीव आला. परक्या मुलखात आपली भाषा बोलणारे घर मिळाले, आता काळजी नको, असे त्यांना आम्ही छातीला हात लावून सांगितले. ही आमची चूक. ती कशी, ते पुढे येईल.

जायच्या आदल्या रात्री ताईंनी मुलीच्या सामानात दोन वस्तू टाकल्या. एक शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. दुसरे त्यांच्या चौकीतील कपाटाचे जाड पितळी कुलूप. वसतिगृहात सामान ठेवायला छोटे कपाट मिळते पण कुलूप आपले आपण आणायचे असते, एवढे त्यांनी बोलण्यातून टिपले होते.

*

एकट्याने प्रवास म्हटले की लोकांना चोर आठवतात, लफंगे आठवतात. आपल्या समाजाला मात्र एकट्याच्या प्रवासात आधी आठवते पाणी.

१९०१ सालची गोष्ट. बाबासाहेब तेव्हा नऊ-दहा वर्षांचे होते. वडील कोरेगावला रोखपाल होते आणि मुले साताऱ्याला. सुट्टीत वडिलांकडे जायचे म्हणून बाबासाहेब, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची दोन मुले अशी चार पोरे नवे कपडे घालून आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. पत्र वडिलांना मिळालेच नव्हते, त्यामुळे घ्यायला कोणी आले नाही. मुलांचे कपडे पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करू लागला. जात कळताच त्याचा चेहरा बदलला. एकही बैलगाडीवाला तयार होईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची आणि आपण बाजूने चालायचे. जवळ खायला शिदोरी होती पण प्यायला पाणी मिळाले नाही. पोरे रात्रभर उपाशी राहिली. बाबासाहेबांनी हे सारे स्वतः लिहून ठेवले आहे आणि त्या लिखाणाला नाव दिले आहे 'वेटिंग फॉर ए व्हिसा'. व्हिसाची वाट पाहताना! आपल्याच मुलखात पाणी मिळायला जणू परवाना लागत होता.

त्याच लिखाणात बडोदे आहे. १९१७ साली अमेरिका-लंडनहून शिकून आलेला हा विद्वान नोकरीसाठी बडोद्याला गेला तेव्हा एकाही हॉटेलाने त्याला खोली दिली नाही. पारशी नाव सांगून एका पारशी सरायत राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली माणसे आली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा दम देऊन गेली. मुंबईची गाडी रात्रीची. तोवरचे तास बाबासाहेबांनी कमाठी बागेत बसून काढले. न्यूयॉर्कमध्ये त्यांना विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात जागा मिळाली होती, पण बडोद्यात मिळाली नाही.

हे आम्ही भाषणांतून शंभर वेळा सांगितले आहे. तरीही मुलीसाठी घर शोधताना आम्हाला ते आठवले नाही.

*

आता प्रवासाकडे येऊ.

मुलगी १५ मार्चला, शनिवारी, त्या कुटुंबाकडे पोहोचली. पहिल्या दिवशी स्वागत उत्तम झाले. वरण-भात, लोणचे, स्टीलच्या ताटात वाढलेले. रविवारी सकाळी घरच्या बाईंनी चौकशी सुरू केली. कल्याणला कोठे? मूळ गाव कोणते? आडनावावरून काही कळत नव्हते. शेवटी सरळ विचारले, "म्हणजे तुम्ही कोण?" मुलीने सांगितले, "आम्ही बौद्ध." त्यावर कोणी काही वाईट बोलले नाही. दुपारी सगळ्यांना स्टीलची ताटे आली आणि तिच्यापुढे कागदी पत्रावळ आली. चार वाजता बाई म्हणाल्या की उद्या अचानक पाहुणे येत आहेत, खोलीची अडचण होईल.

मुलीने उद्याची वाट पाहिली नाही. त्याच संध्याकाळी बॅग उचलून ती बाहेर पडली आणि फोनवर शोधून एका वसतिगृहात मुलींच्या खोलीत खाट घेतली. आठ मुलींची खोली, रात्रीचे बावीस युरो. जर्मनीत रविवारी बहुतेक सगळी दुकाने बंद असतात, हे तिला तोवर माहीत नव्हते. खाण्याजोगे जवळ काय, तर आईने दिलेली चटणी. शेजारच्या खाटेवर ब्राझीलची एक मुलगी होती, तिने आपला अर्धा पाव दिला. चटणी-पाव दोघींनी खाल्ला. त्या मुलीच्या डोळ्यांना पाणी आले ते तिखटाने, असे आमची मुलगी सांगते. खोलीतल्या एकीनेही तिला आडनाव विचारले नाही. नाव विचारले, पण ते कोणाला धड उच्चारता येईना, म्हणून सगळ्या हसल्या.

आईला तिने फोनवर एवढेच सांगितले की मैत्रिणी भेटल्या, हॉस्टेलला आले. आम्हालाही तेच. खरी हकीकत तिने ऑगस्टमध्ये परत आल्यावर सांगितली. आम्ही निःशब्द झालो. त्या गृहस्थांना आम्ही अजून फोन केलेला नाही. करावा की न करावा, यावर आमच्याच घरात दोन मते आहेत. मुलगी म्हणते, "जाऊ द्या काका. त्यांच्यामुळे मला पहिल्याच दिवशी कळलं की खाट कशी शोधायची."

अशी स्वस्त खाट देणारी वसतिगृहे जगभर आहेत, पण त्यांचा उगम फार थोड्यांना ठाऊक असेल. तो एका प्राथमिक शाळेतील मास्तरांचा उद्योग. रिचर्ड शिरमान हे त्यांचे नाव. कारखान्यांच्या धुरात वाढणाऱ्या पोरांना ते पायी सहलीला नेत. ऑगस्ट १९०९ मध्ये अशाच एका सहलीत ते वादळात सापडले. गावातील शाळेत गवतावर रात्र काढली. तेव्हा त्यांच्या मनात आले की सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, मग त्या चालत निघालेल्या पोरांसाठी का उघडू नयेत? १९१२ मध्ये आल्टेना गावच्या जुन्या किल्ल्यात जगातले पहिले कायमचे युवक वसतिगृह सुरू झाले. मुलगी मुद्दाम आल्टेनाला गेली. त्या वेळची निजायची खोली जतन करून ठेवली आहे. लाकडी खाटा एकावर एक रचलेल्या आहेत. सरदारांच्या किल्ल्यात मजुरांची पोरे झोपली, या गोष्टीचे तिला फार अप्रूप वाटले आणि आम्हालाही.

जर्मनीत सगळ्या लोकल व प्रादेशिक गाड्यांना चालणारा एक मासिक पास आहे. २०२५ मध्ये त्याची किंमत ५८ युरो होती. जलद गाड्यांना तो चालत नाही. म्हणून मुलीने साध्या गाड्या बदलत बदलत पूर्ण दिवस घालवून बर्लिन गाठले. या पासात ती एकदा फसली, ते पालकांनी ध्यानात ठेवावे. हा पास वर्गणीचा असतो. महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केला नाही तर पुढच्या महिन्याचेही पैसे कापले जातात. तिने घेतलाच होता १७ तारखेला. एप्रिलपासून विद्यापीठाच्या शुल्कातच तिचा पास येणार होता. म्हणजे दुसरे ५८ युरो, आपले साडेपाच हजार रुपये, पाण्यात गेले. बचत गटाच्या हप्त्याच्या हिशेबाने हे काही थोडे नाही. ती दोन दिवस नुसत्या पावावर राहिली, पण आईला हेही सांगितले नाही. (मुली आयांना किती गोष्टी सांगत नाहीत, याचा एक स्वतंत्र लेख होईल.)

बर्लिनच्या उत्तर टोकाला फ्रोनाऊ नावाचे उपनगर आहे. तेथे झाडीत टेकडीवर एक विहार आहे. पॉल डाल्के नावाच्या जर्मन डॉक्टरने भगवान बुद्धांच्या शिकवणीने प्रभावित होऊन १९२४ मध्ये तो बांधला. म्हणजे आपल्या नागपूरच्या दीक्षेच्या बत्तीस वर्षे आधी. पुढे तो श्रीलंकेच्या संस्थेकडे आला आणि तेथे श्रीलंकेचे भिक्खू राहू लागले. मुलगी तेथे पोहोचली तो दिवस २० मार्च. चवदार तळ्याचा दिवस! वसाहतीत असती तर महिला मंडळाबरोबर महाडला गेली असती. सत्तर-एक पायऱ्या चढून ती वर गेली. आत एक श्रीलंकन आजी फुले मांडत होत्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आजींनी त्रिशरण सुरू केले आणि हिने पुढची ओळ उचलली. पाली तीच. उच्चारात थोडा फरक. पंचशील पुरे होईपर्यंत आजींनी तिचा हात धरून ठेवला होता. लहानपणी विहाराच्या संस्कार वर्गात तोंडपाठ करून घेताना हीच पोर जांभया देत होती, हे आम्ही स्वतः पाहिले आहे.

बर्लिनमध्येच तिने आणखी एक गोष्ट पाहिली, जी तिच्या आईला सर्वांत जास्त लागली. जर्मनीत पाण्याची प्लॅस्टिकची बाटली घेताना पंचवीस सेंट अनामत द्यावी लागते. रिकामी बाटली दुकानातील यंत्रात टाकली की ते पैसे परत मिळतात. तेव्हाच्या आपल्या हिशेबाने तेवीस-चोवीस रुपये. त्यामुळे रिकाम्या बाटलीला तेथे मोल आहे. आणि म्हणून स्टेशनावर, बागेत, कचऱ्याच्या डब्यांत हात घालून बाटल्या शोधणारी माणसे दिसतात. त्यांत म्हातारी माणसे पुष्कळ. स्वच्छ कोट घातलेली, पेन्शन पुरत नाही म्हणून आलेली. मुलीने रात्री फोनवर आईला हे सांगितले. ताई बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तिकडं पण म्हातारी माणसं बाटल्या येचतात? हातात मोजे असतात का त्यांच्या?"

मुलीने दुसऱ्या दिवशी मुद्दाम पाहिले. काहींच्या होते, काहींच्या नव्हते. त्यानंतर तिने आपली रिकामी बाटली कधी यंत्रात टाकली नाही, डब्याच्या शेजारी वरच ठेवून देई. तेथील कितीतरी लोक असेच करतात, म्हणजे डब्यात हात घालावा लागत नाही. हेही तिने आईला कळवले.

बर्लिनहून प्राग, प्रागहून बुडापेस्ट. ही दोन्ही शहरे फार सुंदर आहेत, असे ती म्हणते. छायाचित्रेही पुष्कळ आहेत. पण ती सहल कंपनीच्या पुस्तिकेतही मिळतील, म्हणून आम्ही पुढे जातो. प्रवाशाने एवढे लक्षात ठेवावे की चेक देशात कोरुना आणि हंगेरीत फोरिंट चालतात, युरो सगळीकडे चालत नाही.

तिला खरे जायचे होते ते शायोकाझा नावाच्या खेड्यात. हंगेरीच्या ईशान्येला मिश्कोल्त नावाचे मोठे शहर आहे, तेथून अर्ध्या-पाऊण तासावर. या भागात कोळशाच्या खाणी आणि पोलादाचे कारखाने होते. १९९० च्या सुमारास राजवट बदलली, कारखाने बंद पडत गेले आणि सर्वांत आधी घरी बसवले गेले ते रोमा लोक. गिरणगाव पाहिलेल्या वाचकांना याहून अधिक सांगायला नको. रोमा म्हणजे ज्यांना तुच्छतेने जिप्सी म्हणतात ते. शेकडो वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज उत्तर भारतातून तिकडे गेले. वस्ती गावाबाहेर, मुलांचे वर्ग वेगळे. चांगल्या शहाण्या मुलांना मतिमंदांच्या शाळेत घातले जाई. २०१३ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने अशाच दोन मुलांच्या खटल्यात हंगेरीला दोषी धरले. त्याच वर्षी ऑगस्टच्या कडक उन्हाळ्यात जवळच्या ओझ्द शहरात नगरपालिकेने रोमा वस्तीतील सार्वजनिक नळ बंद केले होते. पुन्हा पाणीच!

या लोकांतील काही कार्यकर्त्यांच्या हाती बाबासाहेबांचे चरित्र पडले. तिबोर देर्दाक हे समाजशास्त्रज्ञ आणि यानोश ओर्शोश हे स्वतः रोमा समाजातून आलेले शिक्षक. ते महाराष्ट्रात येऊन आपल्या वस्त्या, आपले विहार, आपल्या मुलांची वसतिगृहे पाहून गेले. आणि २००७ मध्ये त्यांनी शायोकाझात रोमा मुलांसाठी शाळा काढली. तिचे नाव डॉ. आंबेडकर शाळा. संस्थेचे नावही जयभीम.

मुलगी २९ मार्चला सकाळी बसने तेथे उतरली. शनिवार होता, शाळा बंद. आधी पत्र न पाठवता गेली, हा तिचा दोष तिने कबूल केला. भुरभुर पाऊस. बसथांब्यावर एक बाई दोन मुले घेऊन उभी होती. मुलीला ना हंगेरियन येत होते, ना त्या बाईला इंग्रजी. पुस्तकात वाचलेले एक-दोन रोमानी शब्द तिने बोलून पाहिले. त्या भाषेत पाण्याला पानी म्हणतात, पाचाला पांझ, दहाला देश. पण त्या भागातले पुष्कळसे रोमा आता आपली भाषा विसरून हंगेरियनच बोलतात, बाईला काही कळले नाही. तेव्हा हिने फोन उघडून बाबासाहेबांचे छायाचित्र दाखवले.

थोरला मुलगा असेल आठ-नऊ वर्षांचा. त्याने छायाचित्र पाहिले, हिच्याकडे पाहिले आणि म्हणाला, "जयभीम."

मुलगी सांगते, "काका, तिथं मला रडू आलं. पत्रावळ बघून नव्हतं आलं."

बाईने तिला घरी नेले. एकच खोली, चूल पेटलेली, भिंतीला ओल. कॉफी दिली आणि पाण्याचा पेला भरून पुढे ठेवला. तासभर खाणाखुणांत गप्पा झाल्या. त्या बाईने हिच्या रंगाशी आपला हात लावून पाहिला आणि दोघी हसल्या. निघताना मुलीने चटणीच्या डब्यात उरलेली चटणी तेथे ठेवली. बदल्यात बाईने जर्दाळूच्या मुरंब्याची बाटली दिली. ती बाटली ताईंनी अजून उघडलेली नाही.

परतीचा प्रवास व्हिएन्नामार्गे. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सर्व जमिनीवरच्या सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली होती. पासाऊ स्टेशनावर पोलीस गाडीत चढले. डब्यात तीस-चाळीस माणसे. कागद मागितले ते हिच्याकडे आणि दोन अरब तरुणांकडे. मूळ पासपोर्ट, व्हिसा, विद्यापीठाचे पत्र, विम्याचा कागद सगळे एका पिशवीत होते. दोन मिनिटांत काम झाले. हात मात्र थरथरत होते, असे ती म्हणाली. त्या दोघांपैकी एकाला खाली उतरवले. पुढे त्याचे काय झाले, ते कळले नाही.

ज्यांच्या मुली-मुलगे अशा वाटेवर निघणार आहेत त्यांनी विचारले म्हणून सांगतो. मूळ कागद बॅगेत टाकू नयेत, अंगावर ठेवावेत. छायाप्रत घरी एक असावी. संपूर्ण युरोपीय संघात संकटकाळचा दूरध्वनी एकच, ११२. मुलींसाठी वेगळ्या खोल्या बहुतेक ठिकाणी मिळतात, भाडे थोडे जास्त पडते, ते द्यावे. जर्मनीत नळाचे पाणी पिण्याजोगे असते, बाटली विकत घ्यायची गरज नाही. नव्या जागी राहायला गेल्यावर साधारण दोन आठवड्यांत स्थानिक कचेरीत पत्ता नोंदवावा लागतो. आणि खर्चाच्या हिशेबात दहावा हिस्सा चुकांसाठी धरावा. हे शेवटचे मुलीचे म्हणणे आहे. तिच्या वहीत शेवटी त्रेपन्नऐवजी एकोणसाठ हजार निघाले.

३१ मार्चला ती बॉनला पोहोचली. विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे एक जुना राजवाडाच आहे. १ एप्रिलला खोलीची किल्ली मिळाली, अभ्यास सुरू झाला. १४ एप्रिलला तिने खोलीत मेणबत्ती लावली. मजल्यावरच्या मुलींना तिने खीर करून वाढली आणि हा माणूस १९२२ मध्ये याच विद्यापीठात दाखल झाला होता, असे सांगितले. एका जर्मन मुलीने विचारले की तुझ्या घरचे आणखी कोण इथे शिकून गेले? तेव्हा हिने म्हटले, "हेच."

बचत गटाचे पंधरा हजार मुलीने परत आल्यावर पुन्हा शिकवण्या सुरू करून चार हप्त्यांत फेडले. ताईंना आम्ही परवा विहारात विचारले, आता धाकट्यालाही पाठवाल का? त्या म्हणाल्या, "त्याला स्वयंपाक येत नाही. आधी तो शिकू दे."

कुलपाचे तेवढे राहिले. पहिल्या रात्री वसतिगृहातल्या कपाटाला मुलीने आईचे कुलूप लावायला घेतले तर त्याची कडी इतकी जाड की भोकात जाईना. सामान उशाशी घेऊन झोपली, दुसऱ्या दिवशी चार युरोंचे छोटे कुलूप घेतले. पितळी कुलूप सतरा दिवस पाच गावे बॅगेत फिरले आणि बॉनच्या खोलीत टेबलावर कागद उडू नयेत म्हणून चार-पाच महिने पडून राहिले. आता ते पुन्हा चौकीतल्या कपाटाला आहे. छोटे कुलूप ताईंनी मागून घेतले, डब्याच्या पिशवीला लावतात.